मोतीबिंदू पिकेपर्यंत

बाबा,

गेल्या आठवड्यात माझे डोळे तपासून घेतले. त्यात एक तपासणी अशी असते की एका मोठ्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसायचं. हनुवटी टेकवायची, कपाळ टेकवायचं, एक डोळा पट्टीने झाकायचा आणि दुसऱ्याने समोरच्या बारीक पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. नजर हलवायची नाही. मग त्या वाटीत इकडेतिकडे दिवे लुकलुकतात. काही ठळक, तर काही असे की भास झाला म्हणावं. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मध्येच बराच वेळ काहीच दिसत नाही. बटणावर अंगठा ठेवून आपण बसलेलो असतो आणि कळत नाही की दिवा लागलाच नाही, की लागून गेला आणि आपल्याला दिसला नाही. यंत्र मात्र आपलं टकटकत असतं. मला घाम फुटला. तपासणारी मुलगी म्हणाली, "काकू, घाबरू नका, सगळे दिवे दिसायलाच पाहिजेत असं नाही." बिचारी धीर द्यायलाच बोलली असेल. नंतर डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का? मी म्हटलं, वडिलांना. "आणि मोतीबिंदू?" मी म्हटलं, "तोही. आधी तोच आहे असं सगळ्यांना वाटलं होतं." त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. तुमची सगळी गोष्ट त्यांच्या कागदावर अर्ध्या ओळीत मावली. मला ते सहन होईना, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुम्हाला यंत्रमागाच्या कारखान्यात सगळे मास्टर म्हणायचे. लूम चालवणारे सगळे उत्तरेकडचे, शेठही त्यांच्याच बाजूचा, आणि त्यांच्यात कापड तपासायला बसणारे तुम्ही एकटे इथले, वडपे गावचे. तुमची बसायची जागा लूमच्या शेडला लागून असलेल्या लांबट खोलीत होती. तिरपं लाकडी टेबल, वर दोन ट्यूबलाइट, टेबलावरून ओढत न्यायचा पांढुरका कोरा तागा, आणि तुमच्या उजव्या हातात खडू. ताण्याचा उभा धागा तुटून पट्टी पडलेली असो, तेलाचा डाग असो, कुठे जाळं झालेलं असो, तुमचा खडू तिथे टेकायचा आणि तागा पुढे सरकायचा. पलीकडच्या लूमच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्यामुळे तिथे सगळे हातवारे करून बोलायचे. घरी आल्यावरही तुम्ही मोठ्यानेच बोलायचात, आणि आई म्हणायची, "आवो, हळू, आमी काय लूम हाव का?" मी मानकोलीच्या गोदामात हिशेबनीस म्हणून लागले तेव्हाची ही गोष्ट. सगळीकडे भाताची खाचरं बुजवून पत्र्याची गोदामं उभी राहत होती, आणि शहरात रोज इतके तास लाइट जायची की लूम बंद पडल्यावर ती शांतता कानाला टोचायची. तुम्ही तेव्हा साठीच्या आसपास होतात. तुमचा चष्मा नवा करून झाला होता, काचा जाड झाल्या होत्या, आणि तरी तुम्ही संध्याकाळी घरी येताना रस्त्यावरच्या दिव्यांना पिसारे फुटलेत असं म्हणायचात.

बाजारातल्या चष्मेवाल्याने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, मोतीबिंदू आहे, पण अजून कच्चा आहे. वडप्याचे काका, तुमचे मोठे भाऊ, त्यांचं ऑपरेशन फार पूर्वी झालं होतं. त्यांना चांगला पिकेपर्यंत थांबवलं होतं, अगदी दिवसरात्रीचा फरक तेवढा कळायचा, आणि मग काढला होता. त्यांचा शब्द तुमच्यासाठी शेवटचा. ते ओटीवर बसून म्हणाले, "कच्चा काढशील तर डोला जाईल. पिकू दे. फलासारखाच हाय तो." तुम्हालाही ते सोयीचंच होतं. ऑपरेशन म्हणजे महिनाभर घरी बसणं, आणि महिनाभर त्या टेबलाशी दुसरा कुणी बसला असता तर तो उठला नसता. मग आपण सगळेच वाट बघायला लागलो. आपल्या घरात एक नवाच पाहुणा आल्यासारखा तो शब्द आला. येणारा-जाणारा विचारायचा, "मग, पिकला का?" आणि तुम्ही हसून म्हणायचात, "पाड लागलाय."

तुमच्या डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या तुम्ही रोज लवंडायला लागलात. आईने तांब्या ताटासमोर ठेवायला सुरुवात केली. दाराच्या चौकटीला तुमचा खांदा आपटून आपटून खांद्यावर काळा वळ उठला होता. मोरीच्या उंबऱ्याला ठेचा लागायच्या. शेजारच्यांची लहान मुलगी ओटीवर खेळत होती, तिच्या बोटांवर तुमचा पाय पडला आणि तिच्या आईने महिनाभर आपल्याशी बोलणं टाकलं. प्रत्येक वेळी आपण म्हटलं, मोतीबिंदू. तो एक शब्द सगळ्याला पुरत होता. आजही कुणाच्या घरी म्हातारं माणूस अडखळलं आणि कुणी "त्यांना मोतीबिंदू आहे ना" असं म्हटलं, की मी आधी विचारते, बाजूचं दिसतं का?

मग ते परत आलेले तागे. व्यापाऱ्याने अख्खा गठ्ठा माघारी पाठवला होता, त्यातल्या कितीतरी ताग्यांच्या काठाला धागा सुटून लांबच लांब पट्टी गेली होती. मधे नाही, काठाला. मी त्या दिवशी तुमचा डबा द्यायला आले होते, म्हणून मला ते दिसलं. शेठने तागा तुमच्या टेबलावर आपटला, तो उलगडत खाली जमिनीवर गेला. "मास्टर, आँख है या बटन? ये अंधे को भी दिख जाए!" लूमवाले काम थांबवून दारात उभे राहिले होते. तुम्ही वाकलात, ताग्याचा काठ उचलला, डोळ्यांजवळ नेला, आणि तिथे ती पट्टी होती. तुम्ही नुसतं म्हणालात, "हाँ, सेठ, है." मग तुम्ही डबा उघडला, आणि बंद केलात, आणि मला म्हणालात, "जा बाय, तुला उशीर व्हईल." तुमचा चेहरा शरमेने उतरेल असं मला वाटलं होतं. तो तसा नव्हता. तो भ्यालेला होता. ताग्याचा मधला भाग दिसतो आणि काठ दिसत नाही, हे तुम्हाला त्या क्षणी कळलं असणार. मोतीबिंदूने सगळं सारखं धुकट व्हायला हवं, नुसत्या कडाच कशा जातील, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाच पडला नाही, कारण आपल्याला एकच नाव माहीत होतं.

दिवाळीच्या तोंडावर गल्लीतून सूत गुंडाळलेले लोखंडी बीम लादलेली हातगाडी आली. ती तुमच्या उजव्या अंगाने आली, गाडीवाला ओरडत होता, पण लूमच्या आवाजात काय ऐकू येणार? दांडा बरगडीत बसला. तुम्हाला उठवणाऱ्या लोकांनी सांगितलं की गाडी लांबूनच चांगली दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तुम्हाला ठाण्याला एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. काकांनी निरोप पाठवला होता, घाई करू नका. मी तो तुम्हाला सांगितलाच नाही.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, त्यांच्यासमोर सकाळपासून म्हाताऱ्या माणसांची रांग होती. त्यांनी तुमच्या डोळ्यावर फुंकर मारणारं यंत्र लावलं, पुन्हा लावलं, मग निळ्या दिव्याचं दुसरं यंत्र लावलं. बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, त्या डोळ्यावरून या डोळ्यावर नेली. मग बॅटरी खाली ठेवून विचारलं, "बाबा, बाजूचं दिसायचं कधीपासून कमी झालं?"

तुम्ही म्हणालात, "झाली की दोन-तीन वर्सं."

मी तुमच्याकडे बघत राहिले.

"कुणाला सांगितलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"मोतीबिंदू असाच येत असंल म्हटलं. कडंनं."

"एवढे दिवस कुठे होतात?"

"पिकायची वाट बघत व्हतो, बाई."

 मग त्यांनी मला समोर बसवून समजावलं, आणि ते त्यांनी इतक्या साध्या भाषेत सांगितलं की मी ते अजून शब्दाला शब्द सांगू शकते. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं तो मोतीबिंदू. ते काढून नवीन भिंग बसवता येतं. पूर्वी पिकेपर्यंत थांबायचे, कारण तेव्हाची ऑपरेशनं तशी होती. आता थांबायचं कारण नाही. कामात अडायला लागलं की काढायचा, उलट फार पिकवला तर काढायला अवघड जातो. पण यांच्या डोळ्यात दाबही वाढलेला आहे. तो काचबिंदू. तो मागच्या शिरेला सुकवतो, दुखत नाही, कडेकडेने खात येतो, आणि त्याने खाल्लेलं परत येत नाही. "मोतीबिंदूला थांबता येतं, पण डोळा दाखवायला थांबू नये," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदूचं नाव झालं की त्याच्या आड दुसरं काय आहे ते कुणी बघत नाही. काढल्यावरच कळेल मागे किती शिल्लक आहे." डाव्या डोळ्याबद्दल त्या जवळजवळ सोडून दिल्यासारखंच बोलल्या. उजव्याचं ऑपरेशन ठरलं. दाब उतरायचे थेंब सुरू झाले. बाहेर बाकावर येऊन तुम्ही मला विचारलंत, "काय म्हनाली?" मी म्हटलं, "काढायचा म्हणाली." तुम्ही म्हणालात, "पिकला म्हनजे." मी हो म्हटलं.

पट्टी सोडायच्या सकाळी वॉर्डात तुमच्यासारखे ओळीने बसले होते. तुमच्या शेजारच्या खाटेवर वज्रेश्वरीच्या बाजूची एक म्हातारी होती. तिची पट्टी आधी सोडली. ती स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांपुढे धरून उलटेसुलटे करत बसली, आणि बोलली, "अगं बाय, किती सुरकुतले गं," आणि हसता हसता रडायला लागली. सगळा वॉर्ड हसला. मग तुमची पट्टी सुटली. डॉक्टरीण बाईंनी बोटं दाखवली, तुम्ही बरोबर सांगितलीत. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. तुम्ही मान थोडी थोडी हलवत एकेक अक्षर शोधलंत आणि खालच्या ओळीपर्यंत वाचत गेलात. आईने माझा दंड घट्ट धरला होता. तिने दवाखान्यातच देवीचं नाव घेऊन हात जोडले. आणि तुम्ही वर बघून, अगदी सहज, जसं काही रस्ता विचारावा तसं म्हणालात, "बाई, मला तुमचं नाक दिसतंय. तोंड कुठं हाय?"

डॉक्टरीण बाई तुमच्यासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. शेजारची म्हातारी अजून हसत होती.

त्यानंतरची गंमत, म्हणजे तिला गंमत म्हणायचं तर, अशी की तुम्हाला आता चांगलं दिसायला लागलं होतं. एका जुन्या रुपयाएवढ्या भोकातून, पण लख्ख. तुम्ही सकाळी पेपर वाचायचात, एकेक शब्द, कधी ओळ हरवायची, मग बोट ठेवून पुन्हा शोधायचात. आणि पेपर खाली ठेवून उठलात की समोरच्या खुर्चीवर धडकायचात. लोकांना ते कसं कळावं? त्यांच्या लेखी माणसाला एकतर दिसतं किंवा दिसत नाही. तुम्ही पुन्हा कारखान्यात गेलात. शेठने जागा ठेवली होती, एवढं त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे. तागा टेबलावर आला. धागा तुम्हाला इतका स्वच्छ दिसला की तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "पीळ दिसला बाय, सुताचा पीळ." पण रुपयाएवढ्या भोकातून अख्ख्या पन्ह्याचा तागा बघायचा म्हणजे आडवं आडवं, बोटाबोटाने बघायचं. एका ताग्याला तुम्ही अर्धा दिवस लावलात. चौथ्या-पाचव्या दिवशी शेठ म्हणाला, "मास्टर, अख़बार तो पढ़ लेते हो, कपड़े के टाइम क्या हो जाता है?" लूमवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, चाचा नाटक करता है, बैठ के खाना है. ते तुम्हाला ऐकू आलं, कारण नेमकी लाइट गेली होती आणि लूम थांबले होते. तुम्ही चप्पल चाचपून शोधलीत आणि घरी आलात. पुन्हा गेला नाहीत.

बाहेरच्यांचं सोडा. आईसुद्धा बोललीच. ती दिवसभर तुमच्या मागे मागे असायची, थकली होती, त्यात तुमचा पाय लागून पिठाचा डबा पालथा झाला. "पेपर वाचता आन् येवढा डबा दिसत न्हाय तुमाला? मला कामाला लावायचा बाना हाय हा."  माळ्यावर कारखान्यातून आणलेले सुताचे रिकामे कागदी कोन पडलेले असायचे, चूल पेटवायला नाहीतर पोरांना खेळायला. तुम्ही मला त्यातला एक काढायला सांगितलंत. तो आईच्या हातात दिलात. म्हणालात, "एक डोला मीट. दुसऱ्याला हा लाव. बारीक भोक पुढं. आन् मला पानी आनून दे." तिला वाटलं तुमचं डोकं फिरलं. पण तिने ते केलं. कोनाचं रुंद तोंड डोळ्यावर धरून ती स्वतःच्या स्वयंपाकघरात, जिथे ती डोळे मिटून वावरली असती, तिथे माठ शोधायला लागली. तिची मांडी ओट्याच्या कोपऱ्यावर आदळली. ती वळली तर पिठात पाय पडला. मग तिला माठ दिसला, म्हणजे माठाचा एक तुकडा, आणि तिने हात पुढे केला तो भिंतीला लागला. तिने कोन खाली टाकला आणि सांडलेल्या पिठातच बसली. पदर तोंडाला लावून रडत होती. तुम्ही तिला शोधत होतात. तिच्या आवाजाकडे मान वळवून, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, आणि सापडत नव्हती. "कुठं बसलीस?" तुम्ही विचारलंत. "खालीच हाय," ती म्हणाली. मग तुम्हाला तिच्या केसांचा भांग सापडला आणि तुम्ही म्हणालात, "येवढं पांढरं कवा झालं गं?"

काका आले होते त्या थंडीत. वडप्याहून वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. त्यांना मी सगळं सांगितलेलं होतं, जसं डॉक्टरीण बाईंनी मला सांगितलं तसंच. ते तुमच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी बोललो म्हनून थांबलास तू." तुम्ही त्यांच्या चेहऱ्याचा एकेक भाग बघत होतात आणि तुमची मान हळूहळू फिरत होती. म्हणालात, "दादा, तुझ्या कानात केस उगवलेत. कापत जा." काका हसले नाहीत. ते शेंगा तिथेच ठेवून उठून गेले, चहा न घेता. आपल्याकडे माणूस चहा न घेता कधी जात नाही. नंतर ते आले ते एकदम तुम्हाला शेवटचं न्यायच्या दिवशी.

माझं लग्न ठरलं तेव्हा ते भोक अजून उघडं होतं. तुम्ही हट्ट धरलात की साडी तुम्ही निवडणार. मी नव्हते बरोबर, आईने सांगितलं. दुकानात तुम्ही साडी काउंटरवर पूर्ण उलगडून घेतलीत आणि एका टोकापासून बघायला लागलात. बोटभर रुंदीचा एकेक पट्टा, आडवा, मग खाली, मग पुन्हा आडवा. दुकानदाराला आधी वाटलं रंग आवडला नाही. मग तो चिडला. इतर गिऱ्हाइकं तुमच्याकडे बघत होती. तीन साड्या तुम्ही परत केल्यात, एकीच्या पदरात गाठ होती, एकीच्या काठाला धागा ओढला होता, तिसरीचं काय ते आईला कळलं नाही. दुपारभर ती स्टुलावर बसून राहिली. चौथी साडी घेऊन तुम्ही घरी आलात, ती माझ्या मांडीवर ठेवलीत, आणि म्हणालात, "अख्खी बघितलीय. एक धागा सुटलेला न्हाय." तेवढं बोलून तुम्ही आत जाऊन झोपलात. डोळा लाल झाला होता. बाबा, मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी मिळाल्या, पण कुणी माझ्यासाठी एवढं बघितलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी टाळत आले आहे. थेंबांचं.

थेंब जन्मभर टाकायचे होते. तुम्ही पहिल्याच दिवशी डॉक्टरीण बाईंना विचारलं होतं, यानं दिसायला लागेल का? त्या म्हणाल्या होत्या, नाही, आहे तेवढं राहावं म्हणून. थंड ठेवायचे होते आणि आपल्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून आई ती बाटली एका डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. संध्याकाळी ती काढून पुसून तुमच्या हातात द्यायची आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणायचात, "मी टाकतो माझा मी." लग्नानंतर मी माहेरी आले होते, पाण्यासाठी माठ हलवला, डबी वर आली. बाटली हलवून बघितली. ती कधीच संपायला हवी होती. अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

तुम्ही ओटीवर बसला होतात. मी बाटली तुमच्या तळहातावर ठेवली. तुम्हाला न बघताच कळलं.

"आग व्हते त्यानं," तुम्ही म्हणालात.

"खोटं बोलू नका."

मग तुम्ही बाटली बाजूला ठेवून म्हणालात, "सकाली उठलो का आदी भिताडावरचं घड्याल बघतो. पयलं अख्खं दिसायचं एका बारीला. मग बारा दिसले तर सा दिसंना. आता एक एक आकडा शोधाया लागतो. रोज बघायचं, आज केवढं गेलं. रोज. तुला काय सांगू बाय. त्यापरीस एकदाचा अंदार व्हऊ दे."

मी तुमच्यावर ओरडले. गल्लीत ऐकू जाईल इतकं ओरडले. आमचा काही विचार, आईचा काही विचार, असं सगळं. तुम्ही ऐकून घेतलंत. त्या दिवसापासून आई स्वतः तुमचं डोकं मांडीवर घेऊन पापणी ओढून थेंब टाकायला लागली आणि तुम्ही मूल पडून राहावं तसे पडून राहायचात. मी तुम्हाला पुन्हा ठाण्याला नेलं. त्याच डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी दाब बघितला, आत बघितलं, आणि या वेळी माझ्याकडे वळल्या. मलाच म्हणाल्या, "टाकत राहा." पण तोवर घड्याळ गेलेलं होतं. पावसाळ्यात कधीतरी एका सकाळी तुम्ही आईला विचारलंत, "उजाडलं का?" आणि ती दारात उन्हात तांदूळ निवडत बसलेली होती.

पुढे तुम्ही दोन वर्षं होतात. मोरीच्या त्याच उंबऱ्यावर पडलात, खुब्याचं हाड मोडलं, आणि मग खाट धरली ती सुटली नाही. पाठीला जखमा झाल्या. तो वास आई कधी बोलून दाखवायची नाही, पण ती उदबत्ती विझू द्यायची नाही. तुम्हाला मोतीबिंदूने मारलं नाही, काचबिंदूनेही नाही, मृत्यूच्या दाखल्यावर भलतंच काही लिहिलं. लोक म्हणाले, सुटले. मीही मान डोलावली. मनात मात्र तुमच्यावर इतका राग होता की तेराव्यापर्यंत मला रडू आलं नाही. माणसाजवळ रुपयाएवढं उरलेलं असताना त्याने तेही हातचं सोडून द्यावं, हे मला कळतच नव्हतं. शेठने, लूमवाल्यांनी, काकांनी जे केलं ते अज्ञानाने केलं. तुम्ही जाणूनबुजून केलंत. हा राग मी किती वर्षं जपून ठेवला. माझ्या मुलाला मी दरवर्षी डोळे दाखवायला नेते, नवऱ्याला नेते, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना रिक्षात घालून नेते, कुणी "पिकू दे" म्हटलं की त्याच्याशी भांडते, आणि त्या सगळ्यामागे तुमच्यावरचा राग आहे.

माझं अजून फारसं गेलेलं नाही. डाव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक काळसर डाग कागदावर छापून आलाय, एवढंच. मोतीबिंदूही आहे, सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, नियमित राहिलात तर काही होणार नाही. आता घरात फ्रीज आहे. बाटली दुधाच्या पिशवीशेजारी असते. मुलाने मोबाइलवर घंटी लावून दिली आहे, ती संध्याकाळी वाजते आणि मी उठते.

हे कुणाला दाखवणार नाही. तुम्हाला तर पोचायचं नाहीच. पण काल घंटी वाजली, आणि मी बाटली काढली, झाकण उघडलं, आणि खिडकीपाशी उभी राहून एक डोळा मिटून समोरच्या इमारतीकडे बघितलं. कोपऱ्यात एक गच्ची आहे, ती दिसते का ते. दिसली, की मला माहीत आहे म्हणून दिसल्यासारखी वाटली, ते ठरवता आलं नाही. पुन्हा बघितलं. मग झाकण लावलं आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवून दिली. मुलाने विचारलं, टाकलेस? मी म्हटलं, विसरले रे, थोड्या वेळाने टाकते. टाकले नाहीत. आज टाकले.

पण काल मी विसरले नव्हते, बाबा.